गावातली सगळ्यात उंच जागा

तायडे सरांना प्यायला पाणी दिलं की मागोमाग फडकं घेऊन उभं राहावं लागे. माणूस अर्धा पेला पिणार, बोलता बोलता पेला जरा तिरका करणार आणि चार थेंब जमिनीवर सांडणार. चुकून नव्हे, मुद्दाम! मग खाली वाकून पाणी कुठं जातंय ते बघत बसणार. ओघळ खांबाकडे गेला की म्हणणार, "हं. म्हणजे उतार दक्षिणेला." जसं काही याच एका बातमीसाठी ते आमच्या घरी आले होते.

पहिल्यांदा मला वाटलं, हात कापतो बिचाऱ्यांचा. दुसऱ्यांदा वाटलं, वेंधळे आहेत. तिसऱ्यांदा मात्र मी सरळ विचारलं, "सर, मी सकाळीच फरशी पुसलीय. काय शोधता तुम्ही तिच्यात?"

ते ओशाळले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि म्हणाले, "बाई, डोळ्याला सवय लागते. पाण्याला लागत नाही."

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. निमगावच्या हायस्कुलात ते भूगोल शिकवत आणि मी मराठी. मी गावातल्या चौधरींची सून, ते गावातल्याच बौद्धवाड्यातले. त्या वस्तीला गावाच्या तोंडी जुनं नाव होतं, ते मी लिहीत नाही. आमच्या घरात त्यांच्यासाठी वेगळा पेला नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगते, कारण तसला जो एक जुना पेला कोनाड्यात होता तो मी लग्न होऊन आल्या वर्षीच भंगारवाल्याला देऊन टाकला होता. माझे सासरे, आबा, कितीतरी दिवस तो शोधत होते. मी म्हटलं, "मांजरानं नेला असेल." आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विषय काढला नाही. आबा तसे वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. पुढे त्यांचा राग येईल, तेव्हा हे ध्यानात असू द्या.

सर उंच, काटकुळे. चालताना मान खाली. समोरून कोणी आलं तर त्याच्या चपला आधी ओळखायचे आणि मग माणूस. त्यांना भरभर बोलता येत नसे. राग आला की बोलणंच बंद व्हायचं, नुसता चष्मा पुसत राहायचे. मुलं म्हणत, "सरांचा चष्मा चकाकला की समजायचं, आज काही खरं नाही." पण त्यांनी कुणावर हात उचललेला मी पाहिला नाही. धुळ्याला बी.एड. करून आले होते, तिथं नोकरीही मिळत होती. ती सोडून परत का आलात, असं विचारलं तर म्हणत, "माय येत नाही ना तिकडं." त्यांची आई, गिरजामाय, वस्तीतल्या घरातून हलायला तयार नव्हती. आणि ते घर म्हणजे नाल्याच्या तोंडाशी, गावातलं सगळ्यात खालचं.

आमचा मुलूख सपाट. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, पण ती यावलकडच्यांची. आमच्या वाट्याला आली ती नुसती सपाटी. केळीचे बाग, कापूस आणि मैलभरावर तापी. सपाट गावात राहणाऱ्याला चढ-उताराची अक्कल नसते. ती येते तापीचं पाणी नाल्यातून उलटं गावात शिरतं तेव्हा. ते पहिल्यांदा शिरायचं वस्तीत. मग बाजारात, मग आमच्याकडे. पाणी आलं की सारा गाव गढीवर चढून बसे. गढी म्हणजे गावाच्या मधोमध असलेला मातीचा मोठा डोंगरच, आमच्या घराण्याचा. वर जुन्या भिंतींची थोटकं आणि बोरीची झुडपं. पिढ्यान् पिढ्यांची रीत होती, पूर आला की गढी.

एकदा सरांनी नववीच्या वर्गात प्रश्न टाकला, "आपल्या गावातली सगळ्यात उंच जागा कोणती?"

सगळा वर्ग ओरडला, "गढी!"

"गढी माणसांनी रचली. मी देवानं केलेली विचारतोय."

सर देव मानत नसत, पण मुलांना नैसर्गिक म्हणजे काय ते कळावं म्हणून तसं म्हणाले. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत होते, मलाही ऐकू आलं. मधल्या सुट्टीत मी म्हटलं, "काय हो सर, मग कोणती?"

"मलाही माहीत नाही," सर म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू त्यांचीच परीक्षा होती आणि त्यात ते नापास झाले होते.

तिथून ते खूळ सुरू झालं. गवंडी लोक पातळी बघायला पाण्यानं भरलेली प्लॅस्टिकची लांब नळी वापरतात. दोन टोकं दोघांनी धरायची. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं, मग कुठली जमीन वर आणि कुठली खाली ते काठीवर मोजता येतं. सरांनी गवंड्याकडून तसली नळी मागून आणली आणि दर रविवारी सकाळी गाव मोजायला निघाले. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं सुमनवहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या. पुढे सर, मागे डोक्यावर पदर घेतलेल्या वहिनी, मध्ये ती लोंबणारी नळी. गावाला आयती करमणूक झाली. पारावरची माणसं म्हणायची, "मास्तरनं बायकोले दोरी बांधली, पाह्य!" वहिनी काय कमी होत्या? तिथूनच ओरडायच्या, "त्याईले म्या बांधलं हाये! सुटून गेले त सातपुड्यात जातीन!"

मी थट्टेत सामील होते, खोटं कशाला बोलू? पण एकदा आमच्या केळीच्या बागेच्या बांधावर दोघं मोजत असताना मी जेवण घेऊन तिकडे गेले. वहिनी पाटावर हातपाय धुवायला गेल्या होत्या. सर बांधावरचे खडे उचलून एका जागी ठेवत होते. मी म्हटलं, "सर, झालं काय तुम्हाला? उंच जागा सापडली तर करणार काय तिचं?"

खडे ठेवता ठेवताच त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता. ते लहान असताना एका पुरात वस्तीतले लोक गढीकडे पळाले. वर जागा नव्हती. जागा नव्हती म्हणजे काय, ते तुम्हाला फोडून सांगायला नको. वस्तीतली माणसं पायथ्याच्या उताराला चिकटून उभी राहिली. पाणी वाढलं, गढीची माती भिजून साबणासारखी झाली आणि गिरजामायचा पाय घसरला. सरांना तिनं दंडाला धरलं होतं. कडेवरची धाकटी बहीण गेली.

"गढीवर जागा मागायची नाही मला, बाई," सर म्हणाले. "आणि तशीही ती धोक्याची. आत सगळी पेवं आहेत."

पेव म्हणजे पूर्वी धान्य साठवायला जमिनीत खणत तो खोल खड्डा. गढीच्या पोटात अशी कितीतरी पेवं, तोंडं बुजलेली, कुठं कुठं आहेत ते आबांनाही ठाऊक नव्हतं. सरांना अशी जागा हवी होती जिथं कुणाला विचारावं लागणार नाही, जी खचणार नाही, आणि वस्तीतली म्हातारीकोतारी पाणी चढायच्या आत जिथं पोचतील. मला तेव्हापासून त्या नळीची थट्टा करवेना.

पावसाळ्यापर्यंत त्यांनी तिन्ही बाजूंचा शिवार मोजून काढला. तिन्ही म्हणते, कारण चौथ्या बाजूला ते गेलेच नाहीत. त्या बाजूला हाडकी होती. गावातली मेलेली ढोरं ओढून न्यायची आणि सोलायची ती माळाची जमीन, पूर्वी त्या कामाबद्दल वस्तीतल्या घरांना लावून दिलेली. सरांच्या वडिलांनी बाबासाहेबांचं ऐकून एके दिवशी ते काम सोडलं, आणि त्या दिवसापासून वस्तीतलं कोणी तिकडे फिरकलं नव्हतं. गावातलेही जात नसत, ते वेगळ्या कारणानं. दोन्हीकडच्यांनी एकच जागा मनातून पुसून टाकली होती. आणि मोजणारा मास्तरही त्यातलाच एक निघाला.

मग एका दुपारी जोराचा पाऊस झाला. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही दोघं उभे. पाऊस थांबला तरी नाल्यातून गढूळ पाणी वाहत होतं. सर ते बघत होते आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"पाणी हाडकीकडून येतंय," ते म्हणाले. "तिकडून वाहत येतंय म्हणजे..." त्यांनी चष्मा काढला.

त्यानंतर बरेच रविवार नळी खुंटीला होती. शेवटी ते घरी आले, पाणी घेतलं, थेंब न सांडता पेला खाली ठेवला. मी फडकं घेऊन उभीच.

"बाई, उद्या एक टोक धराल का? सुमन त्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही म्हणते."

मी धरलं. आबांना सांगितलं, शाळेचं काम आहे. हाडकीवर गवत आणि तरवडाची झुडपं. पायाखाली लाल मुरूम. मला वाटलं होतं, हाडं असतील, वास असेल. काही म्हणजे काही नव्हतं. टिटव्या तेवढ्या ओरडत होत्या. आम्ही वस्तीपासून मोजत मोजत वर गेलो. डोळ्यांना चढ दिसतच नव्हता, खरं सांगते. पण नळीतलं पाणी काठीवर सरकत होतं. वरच्या तरवडापाशी पोचलो तेव्हा सरांनी सगळी बेरीज केली. नाल्याच्या तोंडापासून दोन पुरुष उंच. आमच्या बांधापेक्षाही वर. गढीच्या उघड्या माथ्याहून थोडंच कमी, पण ती रचलेली माती आणि हा खालपर्यंत गेलेला मुरूम.

मला आनंद झाला. मी म्हटलं, "सापडली की हो!"

सर मटकन खाली बसले. म्हणाले, "पुन्हा एकदा मोजू या."

पुन्हा मोजलं. नंतर आणखी दोनदा मला तिकडे नेलं. मी वैतागले. "अहो, पाण्याला सवय लागत नाही म्हणता आणि त्याच्यावरच विश्वास नाही?" त्यावर ते म्हणाले, "विश्वास आहे, म्हणून तर." त्यांना दुसरी कुठलीही जागा चालली असती. पण पाण्यानं नेमकी हीच दाखवली.

त्याच सुमाराला पंचायतीला सरकारकडून एक खोली मंजूर झाली. एरवी मुलांसाठी, पुरात आसऱ्यासाठी. कुठं बांधायची यावर सभा भरली. सरांनी उठून, अडखळत, सगळं सांगितलं. गढी पोकळ आहे, तिच्यावर जाऊ नका. खोली हाडकीवर बांधा, वस्तीही तिकडे हलवू, जमीन वस्तीचीच आहे.

सभेत जो काही गदारोळ उठला! गावातले म्हणाले, ढोरं ओढायच्या जागी आमची पोरं बसवायची का? कोणी म्हणालं, मास्तरला आपल्या लोकांच्या जमिनीचा भाव वाढवायचा आहे. आबा उठले आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुह्यी पुस्तकं तुह्यापाशी. गढीनं आतापावतर गाव राखला. तिले पोकळ म्हनू नको भो."

सरांना त्याचं वाईट वाटलं नसावं, त्याची तयारी होती. पण मागच्या बाजूला बायकांत गिरजामाय बसली होती. वाळलेली, काळीसावळी, कपाळ मोकळं. ती उभी राहिली.

"ज्या जागेचा वास तुह्या बापाच्या अंगाचा मरेपर्यंत गेला नाही," ती पोराला म्हणाली, "तठी मले राहाले नेतू? त्यानं पाय काढला तठून. तू पुन्हा घालून राह्यला?"

सर खाली बसले. चष्मा पुसायचंही सुचलं नाही त्यांना. खोली गढीच्या पायथ्याशी बांधायची ठरली, आमच्याच घरामागे.

ती पुरती बांधून होण्याआधीच तापी आली. भादव्यातले दिवस. वरच्या बाजूला तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. सकाळी शाळेत निघाले तर नाल्याचं पाणी उलटं फिरलेलं. दवंडी झाली. आम्ही सगळे भांडीकुंडी, पोरं, ढोरं घेऊन गढीवर. वरून वस्ती दिसत होती. सरांनी गिरजामायला पाठीवर घेतलं होतं. म्हातारी त्यांच्या पाठीवर गुद्दे मारत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मागून सुमनवहिनी, हातात कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरींचं टोपलं. त्यांच्यामागे सगळी वस्ती. गढीकडे न येता ते हाडकीकडे वळले. आमच्यातलं कोणी तरी हसलं.

दुपारी गढी बोलली. मला दुसरा शब्द सुचत नाही. पोटातून घुर्र असा आवाज आला आणि आबा उभे होते तिथली जमीन खाली गेली. पेवाचं तोंड उघडलं होतं. आबा छातीपर्यंत मातीत. आमच्या दोन बैलांपैकी एक दिसेनासा झाला. दोर टाकून आबांना ओढून काढलं तोवर पश्चिमेची सगळी कड ढासळून पाण्यात पडली. बायका रडायला लागल्या. खाली चहूकडे पाणी, आणि पायाखाली कुठं काय पोकळ आहे कुणाला माहीत!

तेव्हा केळीतून सर येताना दिसले. एका हातात काठी आणि खांद्यावर गुंडाळलेली ती नळी. ती कशाला आणली होती देव जाणे. सरळ रस्त्यानं आले असते तर बुडाले असते, रस्ता गळ्याइतका खोल होता. ते आमच्या बागेच्या बांधावरून, मग उसाच्या कडेनं, वळसे घेत घेत येत होते आणि पाणी त्यांच्या गुडघ्याच्या वर जात नव्हतं. बांधन् बांध मोजलेला होता ना!

पायथ्याशी येऊन म्हणाले, "माझ्या मागे या. मी जिथं पाय ठेवतो तिथंच ठेवा." एवढंच. मी सांगितलं होतं की नाही, असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. मी असते तर म्हटलं असतं, चांगलं ठणकावून म्हटलं असतं. लहानांना खांद्यावर, म्हाताऱ्यांना हाताला धरून सारा गाव त्या नळीमागून चालला. सरांनी आबांचा दंड धरला होता. संध्याकाळच्या आत सगळे हाडकीवर. एकही माणूस गेला नाही.

वस्तीतल्या बायकांनी भाकरी तोडून तोडून सगळ्यांना दिली. कुणी कुणाच्या हातचं खाल्लं याचा हिशेब त्या दिवशी कुणी केला नाही. गिरजामाय एका बाजूला, नाकाला पदर लावून बसली होती. मी म्हटलं, "माय, वास नाही येत ना."

"तुले नाही येत, बाई," ती म्हणाली.

आबा जरा दूर उकिडवे बसले होते. अंगावरची माती वाळत होती. मी त्यांना भाकरी द्यायला गेले, सरही पाणी घेऊन आले. आबा जमिनीकडे बघत होते. त्यांनी मूठभर मुरूम उचलला, तळहातावर चोळला, बोटांमधून गाळला, पुन्हा उचलला. भिजूनही तो चिकटत नव्हता. सगळं आयुष्य जमिनीत गेलेला माणूस. ते आपल्याशीच म्हणाले, "पाया चांगला लागीन अठी."

मला तेव्हा काही वाटलं नाही, पण सर पाणी द्यायचं विसरले. ते माझ्याकडे बघत होते. पुरातून एवढ्या माणसांना आणलं तेव्हा तो चेहरा घाबरलेला नव्हता. आता होता.

पूर ओसरला. मारुतीच्या पारावर सरांचा सत्कार झाला, नारळ, शाल. आबांनी स्वतः त्यांच्या अंगावर शाल पांघरली, आणि ते नाटक नव्हतं. "या मास्तरनं मले पेवातून काढलं," असं ते शेवटपर्यंत सांगत. आणि महिन्याभरात त्यांनी हाडकीतल्या जागेची चौकशी सुरू केली. त्या वतनी जमिनीच्या विक्रीला सरकारी परवानग्या लागत, पण आबांसारख्यांना त्या मिळायला कितीसा वेळ? आबांच्या मागून इतरांनी. ज्या जागेचं नाव काढलं की थुंकायचे, तिथं प्लॉट पडायला लागले. नावही बदललं. हाडकी म्हणायचं नाही, टेकडी म्हणायचं! दोन पुरुष उंचीची टेकडी. मला घरात बसून ते ऐकताना संताप यायचा. मी आबांना म्हटलंही, "ती जागा वस्तीसाठी शोधली होती सरांनी." आबा म्हणाले, "मग त्याईले राहाले कोनी मना केलं? त्याईलेच नको ना ते."

आणि खोटं नव्हतं ते. हेच तर दुखणं होतं. सर वस्तीत घरोघर फिरले. विकू नका, तिथं राहायला जाऊ, पुढचा पूर येणारच आहे. एक तरणा मुलगा त्यांना म्हणाला, "सर, तुम्हीच त दाखोलं हे सगळ्यात उंच हाये म्हनून. आता भाव येऊन राह्यला त नको म्हनता?" त्याच्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. कुणाला घरावर पत्रे टाकायचे होते. आणि पुष्कळांना ती जमीन नुसती नकोच होती, फुकट गेली तरी चाललं असतं.

सगळ्यात आधी अंगठा कुणी दिला असेल? गिरजामायनं. पोराला न विचारता. आमच्याच ओट्यावर, आबांच्या समोर. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती शाई लागलेलं बोट पदराला पुसत होती आणि हसत होती. इतक्या वर्षांत तिला मी हसताना पहिल्यांदा पाहिलं. म्हणाली, "गेली व बाई एकदाची. आता मी सुखानं मरीन."

दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले, तास घेतले. मधल्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. बराच वेळ चष्मा पुसून झाल्यावर म्हणाले, "माय म्हणते, तुझ्या बापाचं अर्धं राहिलेलं काम मी पुरं केलं. तिला काय सांगू, बाई? तिचंही बरोबरच आहे." मग म्हणाले, "मी शोधलीच नसती तर ती तशीच पडून राहिली असती. पुरात आमची माणसं नुसती उभी तरी राहिली असती तिथं." मी म्हटलं, "तुम्ही शोधली नसती तर मी आज मेले असते." ते म्हणाले, "हो, तेही आहे." पण त्यांचा चेहरा काही सुधारला नाही.

नव्वदनंतरच्या एका वैशाखात आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. हाडकीवर, वरच्या तरवडाच्या जागेवरच. बंगला म्हणायचे लोक. मोझेकची फरशी, पुढं पडवी, तीन पायऱ्या. गिरजामाय आदल्या वर्षी गेली होती, वस्तीतल्या घरातच, कोरड्या दिवसांत. सरांनी धुळ्याला बदली मागून घेतली होती, पुढच्या महिन्यात जाणार होते. मला वाटलं, येणार नाहीत. पण आबांनी स्वतः जाऊन बोलावलं म्हणून आले. पांढरा शर्ट, मान खाली.

आबांनी त्यांना मोठ्या मानानं खुर्चीवर बसवलं. मी पाणी दिलं. सवयीनं फडकं हातात होतंच. सगळे पाहुणे बोलत होते. सरांनी अर्धा पेला पाणी प्यायलं आणि पेला तिरका केला.

चार थेंब त्या चकचकीत फरशीवर पडले. जरा थांबले, मग एकत्र झाले आणि निघाले. दाराकडे, उंबऱ्याच्या खाचेतून पडवीत, पडवीतून पायरीवर. सर वाकून बघत राहिले. मीही बघत होते. पायऱ्यांच्या पुढे मोकळा माळ होता आणि माळाच्या तळाशी, नाल्याच्या तोंडाशी, वस्ती.

"उतार चांगला ठेवलाय, आबा," सर म्हणाले.

आबा खूश झाले. "मंग! तुह्याच हातची जागा हाये ना, मास्तर."

सरांनी नमस्कार केला, जेवायला थांबले नाहीत. मी फडकं तसंच हातात घेऊन पडवीत आले. पुसायचं कुठून, कुठवर, मला सुचेना. ते वस्तीकडे चालले होते. त्या माळावरून मी किती वेळा गेले होते, नळीचं टोक धरूनही गेले होते, पण चढ म्हणून तो मला कधी दिसला नव्हता. सर जाता जाता पहिल्यांदा त्यांचे पाय दिसेनासे झाले. मग कंबर गेली, मग पांढरा शर्ट. थोडा वेळ नुसतं डोकं दिसत होतं, खाली घातलेलं. मग तेही गेलं, आणि माझ्यासमोर माळ पुन्हा होता तसा सपाट दिसायला लागला.